झाकणामागची पट्टी

थर्मन स्पेन्स लगेच हो म्हणाला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

फोन करण्याआधी मी सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. इंजिनाच्या पुढच्या झाकणातून तेल गळतंय, डिझेलचा पंप ओला दिसतोय, क्लच घसरतोय, खिंड उतरताना ब्रेक तापून जळका वास येतो, हे सांगायचं आणि मग विचारायचं, जमेल का. मी तेलापर्यंतच पोचले होते. "सोमवारी घेऊन या, मिसेस टॉलिव्हर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता सांगा, अठरा वर्षं ज्याच्या दारात आमच्या घरातलं कोणी उभं राहिलं नाही, ज्याला माझ्या नवऱ्याने गावासमोर लबाड म्हटलं, तो असा पटकन सोमवारचा मुहूर्त का देईल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

गाडी वेंडेलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. जुनी डिझेल पिकअप, मागे आठ घोड्यांचा ट्रेलर ओढणारी. वेंडेल जानेवारीत गेला. घोड्यांना गवत टाकता टाकता गंजीला टेकून बसला, तो उठलाच नाही. त्याला पुरून आल्यावर चर्चमध्ये जेवण होतं, तिथे हातात बटाट्याच्या सॅलडची बशी घेऊन दोघांनी मला हळूच विचारलं, गाडी विकायची आहे का. अशा गाड्या आता बनत नाहीत, त्यात कॉम्प्युटर नाही, पान्याने आणि अकलेने चालतात, म्हणून सगळ्यांचा डोळा. तेव्हापासून अंगणात कोणी आलं की मी आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघते.

विकायचा प्रश्नच नव्हता. लोकांचे घोडे खिंडीपलीकडच्या बाजारात नेणं-आणणं हा माझा धंदा. सप्टेंबरचा बाजार तोंडावर आला होता. शहरातल्या गॅरेजवाल्याने गाडीला कॉम्प्युटर जोडायची जागा शोधली, ती सापडेना, तेव्हा तो मला नव्या गाड्या दाखवायला घेऊन गेला. खोऱ्याबाहेरचा जुना मिस्त्री लेकीकडे ॲरिझोनाला राहायला गेलेला. उरला थर्मन. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आणि इथे तर गाढवानेच पाय पुढे केला होता.

भांडण एका खुंटीवरून झालं होतं. या इंजिनात पुढच्या बाजूला, गिअरच्या मागे, करंगळीच्या पेराएवढी पोलादी खुंटी असते. जुळणी करताना तिचा उपयोग, नंतर काही नाही. पण हादरे बसून बसून ती सैल होते आणि एक दिवस घसरून गिअरमध्ये पडते. पडली की इंजिन संपलं. आमच्या खोऱ्यात एकाची गाडी अशीच भर चढावर कामातून गेली, मागे ट्रेलर भरलेला, आणि सगळ्यांचे धाबे दणाणले. उपाय साधा. खुंटीच्या तोंडावर लोखंडाची छोटी पट्टी बोल्टने आवळून टाकायची. पण तिथे पोचायचं तर रेडिएटर, पंखा, पट्टा, कप्पी, झाकण, सगळं उतरवावं लागतं. त्या उन्हाळ्यात थर्मनने खोऱ्यातल्या सगळ्या गाड्यांना पट्ट्या लावल्या. एकेकीला दोन दिवस लागत होते. आमची मात्र दुसऱ्याच सकाळी परत आली.

वेंडेल मेव्हिसच्या हॉटेलात गेला, कॉफी मागवली, आणि मधल्या मोठ्या टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थर्मनने माझी गाडी उघडलीच नाही. नुसती धुऊन दिली."

थर्मन त्याच टेबलावर अंडी खात बसला होता. आमच्या लग्नात वेंडेलचा जिवलग म्हणून त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस तो. त्याने काटा खाली ठेवला. "उघड आणि बघ," एवढंच म्हणाला.

"मी कशाला उघडू? मला माहीत आहे."

आमच्याकडे मेव्हिसच्या टेबलावर बोललेला शब्द मागे घेत नाहीत. उघडून बघणं म्हणजे स्वतःच्याच शब्दावर संशय घेणं. वेंडेलला कोणी कधी खोटं बोलताना पकडलेलं नव्हतं, त्यामुळे एकेक करत लोकांनी थर्मनकडे गाड्या नेणं सोडलं. तो फाटकांना वेल्डिंग करून आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करून जगला. आणि मी? मी माझ्या नवऱ्याच्या बाजूने होते. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

आता तेलगळतीसाठी तेच झाकण उतरणार होतं. पट्टी आहे की नाही ते दिसणार होतं, आणि बघणारा एकटा थर्मन. एकट्याने खिशातून एक पट्टी काढून लावली, वर काळं तेल फासलं, की झाला साव. वेंडेल खोटा ठरला असता आणि त्याला उठून उत्तर देता आलं नसतं. त्याचा शब्द सांभाळायला आता माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"अगं लोरीन, तो काय उगाच हो म्हणाला?" वेंडेलची बहीण नडीन फोनवर म्हणाली. "अठरा वर्षं त्या झाकणाची वाट बघत बसलाय मेला. तू तिथून हलू नकोस. मोरीत गेलीस तरी किल्ली बरोबर ने."

"हलणार नाही."

"आणि नखांच्या लाल रंगाची बाटली घेऊन जा. त्याचं लक्ष नसेल तेव्हा एकेका भागाला ठिपका लाव. चांगलं काढून भंगार बसवतात हे लोक."

सोमवारी मी गाडी त्याच्या शेडमध्ये लावली. थर्मन वाळला होता, खांद्यांची हाडं शर्टातून दिसत होती. पण हात तसेच, मोठे आणि सावकाश.

"काम होईपर्यंत मी इथेच बसणार," मी सांगितलं.

"बसा."

त्याने आतून खुर्ची आणली. मग परत जाऊन गादी आणली, झटकली आणि खुर्चीवर ठेवली. मी गादी उचलून खाली बघितलं, मग बसले.

पहिले दोन दिवस पंप आणि क्लचमध्ये गेले. पंप त्याने काढला, त्याची सगळी रबरं बदलली, पुन्हा बसवला. क्लच जुनाच घालू नका म्हणाला, ट्रेलर ओढायचा तर जाड पाटीचा घाला. एक्झॉस्टला ब्रेक बसवला, म्हणजे उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवेल आणि चाकांचे ब्रेक तापणार नाहीत. काचेशेजारी धुराची उष्णता दाखवणारा काटा लावला. "चढावर काटा तांबड्यात गेला की पाय काढा," म्हणाला. "वेंडेल कधी काढायचा नाही."

"वेंडेलला काट्याची गरज नव्हती."

"हो, त्याला सगळं आधीच माहीत असायचं."

टोमणा होता की काय, ते त्याच्या तोंडावरून कळेना. पाठ वळवूनच बोलला.

एक गोष्ट मी बघून ठेवली. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की तो पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचा, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर. कशाला, विचारलं. "आवळलेला कोणता ते कळतं. आणि नंतर कोणी फिरवला तर रेघ तुटते." म्हणजे हाही संशयीच. मला जरा बरं वाटलं.

तो जेवायला गेला की मी ठिपके लावत होते. दुसऱ्या संध्याकाळी त्याने जुन्या भागांचं खोकं माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडे ती रीतच आहे, मिस्त्री काढलेले भाग मालकाला परत देतो, न देणारा चोर. खोक्यात क्लचची जुनी पाटी, झिजलेला बेअरिंग, पंपाची जुनी रबरं, सगळं पुसून मांडलेलं. आणि प्रत्येकाचा लाल ठिपका वर, मला दिसेल असा.

"रंग छान आहे," तो म्हणाला.

माझे कान तापले. पण चोराला पकडायला गेलं की असं थोडं होतंच.

"एक सांग," मी म्हटलं. "इतरांच्या गाडीला दोन दिवस लागले. आमची एका रात्रीत कशी झाली?"

"दुसऱ्या दिवशी तुमचे घोडे जायचे होते. रात्रभर बसून केली."

"कोणी पाहिलं?"

"रात्री कोण बघणार?"

"सोयीचं आहे."

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मीही एक विचारू? खुंटी उघडी आहे असं वेंडेलला खरंच वाटत असतं, तर त्याने तुम्हाला या गाडीत बसवून त्या खिंडीत पाठवलं असतं? एवढी वर्षं?"

"माझ्या नवऱ्याबद्दल मला शिकवू नकोस," मी म्हटलं आणि किल्ली घेऊन घरी गेले.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. वेंडेल ट्रेलरची कडी तीनदा बघणारा माणूस. मी निघाले की टायर लाथेने तपासायचा, साखळी ओढून बघायचा. खुंटीबद्दल मात्र मला एका शब्दानेही कधी जपून जा म्हणाला नाही. मी तो विचार झटकला. थर्मनने मुद्दाम टाकला होता तो, माझा गोंधळ उडवायला. नडीनलाही तसंच वाटलं.

"झाकण उतरायच्या आधी त्याचे खिसे बघ," ती म्हणाली.

बुधवारी रेडिएटर, पंखा, पट्टा, कप्पी, सगळं जमिनीवर आलं. मागे झाकण दिसत होतं, तेलाने आणि धुळीने काळंकुट्ट, बोटभर जाड थर. थर्मनने पाना उचलला.

"थांब," मी म्हटलं. "खिसे उलटे कर."

तो माझ्याकडे बघत राहिला. साठी उलटलेला माणूस. मग एकेक खिसा बाहेर ओढला आणि सामान बाकड्यावर ठेवलं. चाकू, दात कोरायच्या काड्या, नालाचा खिळा, पुदिन्याच्या दोन गोळ्या. बाह्याही कोपरापर्यंत गुंडाळल्या आणि दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले.

"झालं?"

"झालं."

"गोळी हवी?"

"नको."

त्याने बोल्ट काढले, पातळ सुरी कडेने फिरवली आणि झाकण ओढलं. ते जरा चिकटलं आणि सुटलं. कडेला चिकटलेलं जुनं सिलिकॉन उघडं पडलं, आणि मी खुर्चीवरून उठलेच. ते तांबडं होतं.

झाकणातून तेल येऊ नये म्हणून कडेला सिलिकॉनची रेघ ओढतात, आणि आमच्याकडे ज्याचा त्याचा रंग ठरलेला असतो. थर्मनचा काळा, पूर्वीपासून. वेंडेलचा तांबडा. त्याने एका लिलावात तांबड्या सिलिकॉनच्या खोकंभर नळ्या उचलल्या होत्या, आणि आमच्या घरात नळापासून खोगिरापर्यंत सगळं तांबड्याने चिकटवलेलं आहे. मोठं काम झालं की गाडी मेव्हिसच्या हॉटेलापुढे बॉनेट उघडं टाकून लावायची, ही इथली चाल. म्हातारे कॉफी घेऊन बाहेर येतात आणि कडेची रेघ बघून काम कोणाचं ते सांगतात.

"वेंडेलने उघडलं होतं," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "बघ. त्याने स्वतः उघडलं. तू लावलीच नव्हतीस, म्हणून त्याला लावावी लागली. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

थर्मन जवळ वाकला. तो त्या तांबड्या रेघेकडे बघत होता, आणि मला शपथेवर सांगता येईल की ती त्यालाही नवी होती. सुरी तो बाकड्यावर ठेवायला गेला ती खाली पडली. उचलली नाही. चिंधी आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

"आत तुम्हीच पुसा," म्हणाला. "माझा हात लागायला नको."

मी गिअरमागे बॅटरी धरली. पट्टी होती. करंगळीएवढी, खुंटीच्या तोंडावर घट्ट बसलेली, एका बोल्टने आवळलेली. मी मनात म्हटलं, शाब्बास वेंडेल. आणि बोल्टवरचं तेल पुसलं.

खाली पिवळी रेघ होती.

डोक्यावरून पट्टीवर आलेली, सरळ, अखंड. मी तिच्यावर नख फिरवलं, कुठे तुटली आहे का ते शोधत. जिथे बोल्ट आणि पट्टी भेटतात तिथे पुन्हा पुन्हा फिरवलं. आत्ता रंगवली असेल म्हणावं, तर मी समोर बसलेली, आणि तेल वाळून तिच्यावर काचेसारखं घट्ट झालेलं. हा बोल्ट थर्मनने आवळला त्या दिवसापासून कोणी फिरवला नव्हता.

मग तांबडं कसलं? तांबड्याचा अर्थ एकच होता. वेंडेलने झाकण उघडलं, बॅटरी धरली, ही रेघ पाहिली, आणि झाकण लावून टाकलं.

केव्हा, तेही मला आठवलं. त्याच शरदात नडीनच्या ऑपरेशनसाठी मी आठवडाभर तिच्याकडे होते. परत आले तर गाडी चकचकीत धुतलेली, रेडिएटरला नवं पाणी, आणि वेंडेल ताटावर गप्प. मला वाटलं, एकटं राहून कंटाळला असेल. मी त्याच्यासाठी डुकराच्या मांसाचा रस्सा केला होता.

मला वेंडेलचा असा राग आला की हातातली चिंधी मी भिंतीवर फेकली. मेलेल्या माणसावर इतकं रागावता येतं हे मला माहीत नव्हतं. थर्मनच्या त्या एका बोल्टवर त्याने माझा जीव आणि आठ-आठ घोडे निर्धास्त सोडून दिले, आणि त्याच थर्मनसाठी एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. रोज सकाळी त्याच टेबलावर कॉफी पीत होता. समोरची खुर्ची रिकामी होती, ती दिसत नव्हती का त्याला?

"बसा," थर्मन म्हणाला.

मी बसले. त्याने पुदिन्याची गोळी पुढे केली, या वेळी मी घेतली. दुसरी तोंडात टाकून तोही बाकड्यावर टेकला. मग तो उठला, कडा खरवडून साफ केल्या, नवं सील बसवलं, आणि माझ्या गाडीचं दार उघडून खणात हात घातला. वेंडेलची अर्धी नळी तिथे पडलेली असायची. तांबडी.

"काय करतोस?"

"तांबडंच लावतो. बाहेरून पूर्वीसारखं दिसेल. कोणी विचारणार नाही."

सवय अशी वाईट. अजूनही माझ्या मनात आलं, याचा यात काय डाव? "का?" मी विचारलं.

"तुम्हाला याच खोऱ्यात राहायचंय," तो म्हणाला. "आणि तो माझा मित्र होता, मिसेस टॉलिव्हर. मधली वर्षं सोडली तर."

मी नळी त्याच्या हातातून घेतली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. फळीवरून काळी उचलून दिली.

"तुझं काम आहे. तुझा रंग लाव," मी म्हटलं. "आणि ते मिसेस टॉलिव्हर पुरे झालं. मला नाव आहे."

त्याने काळी रेघ ओढली, एका दमात, कुठेही न थांबता. बोल्ट आवळले आणि प्रत्येकावर पिवळं ओढलं. ते करताना त्याचे डोळे भरले होते, पण मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी सकाळी मी गाडी मेव्हिसच्या दारात लावली आणि बॉनेट उघडं टाकलं. आत जाऊन मधल्या टेबलावर बसले, वेंडेलच्या खुर्चीत. म्हातारे कप घेऊन बाहेर गेले, वाकले, परत आले. त्यांच्यात लॉयल क्रॅब होता, वेंडेलचा शब्द ऐकून सगळ्यांच्या आधी थर्मनला सोडणारा.

"काळं आहे," तो बसत म्हणाला. "थर्मनकडे नेलीस?"

"नेली."

"मग? पट्टी होती का?"

हॉटेलातले काटे-चमचे थांबले. मेव्हिस कॉफीचं भांडं हातात धरून उभी राहिली. घरून निघताना मी पुष्कळ तयारी केली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"होती. थर्मननेच लावलेली. वेंडेलने स्वतः उघडून पाहिली होती आणि तो गप्प बसला. आपल्या तोंडाने थर्मनला लबाड म्हणाला होता, ते त्याला फिरवता आलं नाही."

 लॉयलने साखर घातली, ढवळली, आणि मान हलवली. त्याच्या नजरेत माझ्याबद्दल कीव होती.

"लोरीन, तू एकटी बाईमाणूस," तो म्हणाला. "थर्मनने दाखवलं ते तू पाहिलंस. तुला बनवलं असेल त्याने. वेंडेल कशाला खोटं बोलेल?"

मी या माणसाला ओळखत होते. बुधवारी सकाळपर्यंत मीच होते तो. मी पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या कपाशेजारी ठेवली.

"उघड आणि बघ," मी म्हटलं.

लॉयलने किल्लीकडे पाहिलं. बाकीच्यांनी आपापल्या बशीकडे पाहिलं. मी कॉफी संपेपर्यंत थांबले, कोणी उठलं नाही, तेव्हा किल्ली उचलली आणि घोडे भरायला गेले.